धूप निसर्गाची की माणसाची, हे जागेवर कसे ठरवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: माणूस नव्हता तेव्हाही डोंगर झिजत होते, नद्या गढूळ होत होत्या, वाऱ्याने माती उडत होती. मग आज जमिनीच्या धुपीचा ठपका शेती, चराई आणि जंगलतोडीवर का ठेवायचा? आणि एखाद्या उतारावरून माती जाताना दिसली, तर ती तशीही गेलीच असती की आपल्यामुळे जाते आहे, हे ओळखायचे कसे? मृदा संधारणाच्या कामात हा प्रश्न सतत समोर येतो. पैसा आणि श्रम कुठे घालायचे हे त्याच्या उत्तरावर ठरते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा मान्यच आहे. धूप ही निसर्गाची क्रिया आहे आणि ती नसती तर शेतीही उभी राहिली नसती. गंगेचे मैदान, नाईलचे खोरे, मोठमोठ्या नद्यांचे त्रिभुज प्रदेश हे सगळे वर कुठेतरी झिजलेल्या डोंगरांच्या गाळातून घडले. हा गाळ अडला की खाली नुकसान होते. आस्वानचे मोठे धरण १९७० साली पूर्ण झाल्यावर नाईलचा गाळ जलाशयात बसू लागला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र जास्त वेगाने खाऊ लागला. तेव्हा ‘धूप म्हणजे वाईट’ असे सरसकट म्हणणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो.

दोन्ही धुपींची यंत्रणाही एकच आहे. तोच पाऊस, तोच वारा, तेच गुरुत्वाकर्षण. पावसाचा थेंब कण सुटा करतो, वाहते पाणी तो उचलते, उतार संपला की खाली टाकते. म्हणून नुसते ‘पाण्याने माती वाहिली’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. फरक असतो तो जमाखर्चात: त्या जागी माती किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने जाते.

खडक कुजून माती व्हायला फार वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी हा वेग वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे एक सेंटिमीटर थराला शंभर वर्षे ही चांगली गती झाली. अनेक ठिकाणी कित्येक शतके लागतात. आता हे वजनात पाहा. एक हेक्टरवरचा एक मिलिमीटर थर म्हणजे १० घनमीटर, कोरड्या मातीचे साधारण १३ टन. म्हणजे जमेच्या बाजूला वर्षाला हेक्टरी एखादा टन. खर्चाच्या बाजूला, उघड्या नांगरलेल्या उतारावरून एका हंगामात १३ टन गेले तरी जमीन फक्त एक मिलिमीटर खाली बसते, आणि एक मिलिमीटर कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. मानवनिर्मित धुपीबद्दलचे बहुतेक गैरसमज या न दिसणाऱ्या मिलिमीटरातून निघतात. घळ दिसते, तिचा फोटो निघतो, तिच्यावर खर्च होतो. सालकाढी धूप साऱ्या शेतावरून सारख्या थराने माती नेते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

डेव्हिड माँटगोमेरी या भूशास्त्रज्ञाने २००७ साली जगभरची मोजमापे एकत्र मांडली. नांगरटीच्या पारंपरिक शेतातली धूप ही माती तयार होण्याच्या वेगापेक्षा आणि मूळ वनस्पतींखाली होणाऱ्या धुपीपेक्षा सरासरी दहा ते शंभर पट निघाली. बिननांगरटीच्या शेतातली धूप मात्र माती बनण्याच्या वेगाच्या बरीच जवळ होती. अमेरिकेत ‘सहन होण्याजोगी’ धूप म्हणून एकरी ५ टन, म्हणजे हेक्टरी सुमारे ११ टन, ही कमाल मर्यादा दीर्घकाळ धरली गेली. मला ती फार उदार वाटते. जमा एक आणि खर्च अकरा असेल तर त्याला सहन होणे म्हणता येत नाही. उथळ जमिनीत तर नाहीच.

इथे एक चूक टाळायला हवी. ‘हळू ती नैसर्गिक, वेगवान ती मानवी’ असा सोपा नियम करू नका. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातले बॅडलँड्स वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर झिजतात आणि त्यात शेतकऱ्याचा काही हात नाही. खडक मऊ, झाडोरा तुरळक, पाऊस आला की जोराचा. लँगबाइन आणि शुम या अमेरिकी संशोधकांनी १९५८ साली दाखवले की नैसर्गिक स्थितीत सर्वांत जास्त गाळ येतो तो अतिपावसाच्या प्रदेशातून नव्हे, तर निमकोरड्या भागातून, जिथे वर्षाचा प्रभावी पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याहून कोरड्या भागात माती वाहायला पाणीच नसते. त्याहून ओल्या भागात गवत आणि झाडे माती धरून ठेवतात. म्हणून वेगाची तुलना दुसऱ्या गावाशी किंवा पुस्तकातल्या सरासरीशी करून भागत नाही. ती त्याच जागेच्या स्वतःच्या जुन्या वेगाशी करावी लागते. माझ्या मते या साऱ्या वादाची किल्ली इथेच आहे.

मग तो जुना वेग कळतो कसा? इथे भौतिकशास्त्राने मोठी मदत केली आहे. अवकाशातून येणारे किरण जमिनीच्या वरच्या मीटर-दोन मीटरमधल्या गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्झच्या कणांत, बेरिलियम-१० हे किरणोत्सारी समस्थानिक (मूलद्रव्याचा एक प्रकार) अत्यंत सूक्ष्म प्रमाणात तयार करत राहतात. जमीन सावकाश झिजत असेल तर कण पृष्ठभागाजवळ जास्त काळ राहतो आणि त्यात बेरिलियम जास्त साठते. भराभर झिजत असेल तर कमी. नदीतली मूठभर वाळू तपासली की तिच्या साऱ्या पाणलोट क्षेत्राचा हजारो वर्षांचा सरासरी वेग मिळतो. ही झाली माणसाच्या हस्तक्षेपापूर्वीची नोंद. अलीकडच्या दशकांसाठी सिझियम-१३७ वापरतात. हे निसर्गात जवळपास नसतेच. ते १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतून जगभर पावसाबरोबर पडले आणि १९६३च्या सुमारास त्याचे प्रमाण शिगेला पोचले. ते चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते. कधीच न हललेल्या जवळच्या सपाट तुकड्यात ते किती आहे हे मोजायचे आणि शेतात किती उरले आहे हे मोजायचे. जेवढे कमी, तेवढी माती त्यानंतर गेली. उताराच्या पायथ्याशी ते जास्त निघाले तर माती तिथे येऊन साचली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ‘धूप तर नेहमीच होती’ या वाक्यातले ‘नेहमी’ किती होते हे कळते.

उपकरणांशिवायही असा पुरावा मिळतो. आइसलंडमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे थर मातीत जागोजागी आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा काळ ठाऊक आहे. वाऱ्याने आलेल्या मातीच्या उभ्या छेदात दोन राखथरांमधली जाडी मोजली की तेवढ्या काळात आजूबाजूची किती माती उडत होती हे समजते. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वस्ती झाली, बर्चची जंगले तुटली, मेंढ्या आल्या. आणि त्या काळाच्या वरच्या थरांत मातीचा भर आधीपेक्षा स्पष्टपणे वाढलेला दिसतो. थंडी, वारा आणि हलकी ज्वालामुखीय माती ही निसर्गाचीच देणगी होती, आणि ती हजारो वर्षे तशीच होती. बदलले ते आच्छादन, म्हणजे जमीन झाकणारे गवत, झाडे आणि पाचोळा. तिथे माती वाचवण्यासाठी सरकारी कायदा आणि यंत्रणा १९०७ मध्येच आली, यावरून नुकसान केवढे होते ते समजावे.

आच्छादन हा शब्द मी वारंवार वापरणार आहे, कारण माणूस धुपीत जो बदल घडवतो त्यातला बहुतेक भाग याच एका गोष्टीतून जातो. पाच मिलिमीटरचा मोठा थेंब जमिनीवर सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने आदळतो. उतारावरून पसरून वाहणारे पातळ पाणी त्याच्या मानाने रेंगाळत चालते. म्हणजे ढेकूळ फोडण्याचे काम मुख्यतः थेंबाचे, वाहून नेण्याचे काम पाण्याचे. थेंबाने फोडलेले बारीक कण पृष्ठभागावरची छिद्रे बुजवतात, वर काही मिलिमीटरची घट्ट पापडी बसते, पाणी मुरणे फार कमी होते आणि बराचसा पाऊस अपधाव, म्हणजे न मुरता वाहणारे पाणी, होऊन पळतो. थेंब मातीपर्यंत पोचण्याआधी पाचोळ्यावर, गवतावर किंवा पिकाच्या धसकटांवर आदळला तर ही साखळी सुरूच होत नाही.

विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेले आणि १९७८ साली सुधारलेले धुपीचे समीकरण आजही बहुतेक आराखड्यांच्या मुळाशी आहे. त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संधारणाची कामे असे घटक एकमेकांना गुणले जातात. उतार ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला तर धूप अडीच पटींच्या आसपास वाढते. उताराला आडवी मशागत केली तर ती कमी होते, परिस्थिती चांगली असेल तर निम्म्यावर. पण आच्छादनाचा घटक उघड्या नांगरलेल्या जमिनीला १ धरला, तर पाचोळ्याने झाकलेल्या अबाधित जंगलात तो हजाराव्या भागापर्यंत उतरतो. पाऊस आपल्या हातात नाही, मातीचा प्रकार जवळपास नाही, उतार थोडाफार. आच्छादन मात्र एका दिवसात काढता येते आणि तेवढ्यानेच धूप शेकडो पटींनी वाढू शकते. जमिनीचा ३० टक्के भाग जरी पिकाच्या अवशेषांनी झाकलेला राहिला, तरी धूप साधारण निम्म्यावर किंवा त्याखाली येते.

यावरूनच एक सल्ला: झाडे दिसली म्हणजे धूप नाही असे समजू नका. उंच झाडांच्या पानांवर पावसाचे बारीक थेंब एकत्र होऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडताना जवळजवळ पूर्ण वेग पुन्हा गाठतात. खालचा पाचोळा जाळला किंवा झाडून नेला असेल, खाली गवत नसेल, तर अशा लागवडीखाली उघड्या माळाइतकी, प्रसंगी त्याहून जास्त माती उडते. मोठ्या पानांच्या सागाखाली हे हमखास दिसते. माती धरतो तो जमिनीला टेकलेला थर.

आता उतारावर उभे राहून काय पाहायचे ते सांगतो.

सर्वांत आधी सीमारेषा शोधा. नैसर्गिक धूप खडक, उतार आणि पाण्याची जुनी वाट यांच्या मागे जाते. तिच्या कडा विरघळत गेलेल्या असतात. माणसाची धूप कुंपणापाशी, नांगराच्या शेवटच्या तासापाशी, रस्त्याच्या कडेला अचानक सुरू होते किंवा थांबते. एकाच उतारावर, एकाच मातीत कुंपणाच्या एका बाजूला गवत आणि गडद माती, दुसऱ्या बाजूला उघडा मुरूम असेल, तर पावसाला दोष देता येत नाही. तो दोन्हीकडे सारखाच पडला. शक्य असेल तर जोराच्या सरीत दोन्हीकडचे वाहणारे पाणी बाटलीत भरून ठेवा आणि तळाशी किती गाळ बसतो ते पाहा.

दुसरी जागा म्हणजे टेकाडाचा माथा. शेतात फुगीर माथ्यावर माती फिकी, खडेदार आणि पीक खुरटे, तर खोलगट पायथ्याशी माती काळसर आणि जाड, हे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. ‘पाण्याने वाहून गेली’ असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण माथ्याच्या वर पाणी गोळा करायला जमीनच नसते, त्यामुळे तिथल्या अपधावात जोर नसतो. पाण्याची धूप असती तर नुकसान उताराच्या मध्यापासून खाली, जिथे प्रवाह एकवटतो, तिथे जास्त दिसले असते. माथा उघडा पडतो तो नांगराने: उताराकडे उलटलेली माती चढाकडे उलटलेल्या मातीपेक्षा नेहमीच जास्त लांब जाते, आणि वर्षानुवर्षांच्या नांगरटीत माथ्यावरचा थर खाली सरकतो. थेंबभर पाऊस न पडताही ही धूप होते. नैसर्गिक जोडीदार नसलेला, पूर्णपणे माणसाचा असा हा प्रकार आहे आणि त्याच्यावर बांध-बंदिस्तीचा फारसा उपयोग होत नाही. नांगरट कमी करणे हाच मुख्य उपाय.

तिसरे, लहान खुणा. खड्यांच्या टोपीखाली उभे राहिलेले मातीचे छोटे खांब थेंबांचा मारा दाखवतात; खडा असतो तिथली माती वाचते, भोवतालची उडते. उघडी पडलेली मुळे, दगडावर जुनी मातीची रेषा, हेही पाहा. पण मुळांवरून आकडा काढताना जपा. काही झाडांची मुळे जाड होत स्वतःच वर येतात, आणि खांबाभोवतालची माती शेताबाहेर गेली की दोन हात खाली बसली हे खांब सांगत नाही. या खुणा दिशा दाखवतात. मोजमाप खड्ड्यातून घ्यावे. उताराच्या त्याच उंचीवर एक खड्डा शेतात आणि एक शेजारच्या कधीच न नांगरलेल्या तुकड्यात खणा, आणि वरच्या गडद थराची जाडी मोजा. त्याच वेळी दोन्हीकडचे एकेक वाळलेले ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडा. न नांगरलेल्या मातीचे ढेकूळ मुळे, बुरशी आणि सेंद्रिय डिंकामुळे बराच वेळ टिकते. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या शेतातले काही मिनिटांत विरघळून तळाशी चिखल होते. तोच चिखल पुढच्या पावसात पापडी बनणार असतो.

घळीबाबत एकच गोष्ट: घळीत उतरण्याआधी तिच्या डोक्याच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या, वर जा. कडा गोल आणि गवताळलेल्या असतील तर ती जुनी, झोपलेली घळ आहे. डोके उभे, ओले, खालून पोखरलेले असेल तर ती चालू आहे, आणि मग तिला पाणी कोण पाजते हे वर सापडते. रस्त्याखालची मोरी, गुरांची वाट, दोन शेतांचे एकत्र सोडलेले पाणी यांपैकी काही असेल तर कारण मानवी. वर काहीच बदललेले नसेल आणि खालची नदी पात्र खोल करत असेल, तर घळ खालून वर सरकते आहे आणि तिचे कारण बहुधा नदीत आहे.

अर्थात खूपदा उत्तर ‘दोन्ही’ असते. चीनमधल्या लोएस पठारावर वाऱ्याने आणून टाकलेली भुसभुशीत माती आहे. ती निसर्गतःच लवकर झिजते. या पठारातून वाहणारी पीत नदी (ह्वांग हो) विसाव्या शतकाच्या मध्यात वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहत होती. पायऱ्यांची शेती, गाळ अडवणारे बंधारे, मोठी धरणे आणि १९९९ पासून तीव्र उतारांवरची शेती सोडून तिथे गवत व झाडे आणण्याचा कार्यक्रम, यांनंतर तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. पठार तेच, माती तीच. निसर्गाने जमीन नाजूक दिली होती. तिचा एवढा गाळ होणे मात्र अटळ नव्हते. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवरही दुष्काळ निसर्गाचा होता, पण वाऱ्याच्या वाटेत आता गवताऐवजी नांगरलेली कोरडी माती होती. १४ एप्रिल १९३५ चे काळे वादळ आले आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला तिथे मृदा संधारणाचा कायदा झाला.

म्हणून ‘यंदा पाऊसच तसा झाला’ हे कारण मी पुरेसे मानत नाही. वर्षभरातली बहुतेक माती दोन-चार मोठ्या सरींतच जाते हे खरे आहे, आणि हवामान तापत असताना अशा सरींचा जोर अनेक भागांत वाढतो आहे. पण त्या सरी येणार हे धरूनच जमीन तयार ठेवायची असते. शिवाय पाणी निवडून नेते: बारीक कण आणि सेंद्रिय अंश आधी, जाड वाळू मागे. गेलेला गाळ उरलेल्या मातीपेक्षा जास्त सुपीक असतो, त्यामुळे टनांचा आकडा नुकसान कमीच दाखवतो.

कामाच्या दृष्टीने निर्णय असा घ्या. जागेचा स्वतःचा जुना वेग आणि आजचा वेग जवळपास असतील, तर ती धूप सोडून द्या. उभ्या कड्यांवर आणि मऊ खडकाच्या ओसाड उतारांवर रोपे लावण्यात घातलेला पैसा पहिल्या मोठ्या पावसात जातो. तिथे करण्यासारखे एवढेच की खाली घर, रस्ता किंवा तलाव असेल तर त्याचे रक्षण. घळच निर्माण झाली असेल तर आधी वरच्या क्षेत्रावर आच्छादन आणि पाणी पसरवण्याची व्यवस्था, नंतर घळीचे डोके, शेवटी नालाबांध. उलट क्रमाने केलेले नालाबांध गाळाने भरून बाजूने फुटतात. शेतात बांधांच्या आधी वर्षभर जमीन झाकलेली राहील अशी पीकरचना बसवा. ढेकळाची घडण आणि पाणी मुरण्याची क्षमता काही वर्षांत सुधारते, तेवढा फरक ग्लासातल्या चाचणीत दिसू लागतो. गेलेला थर मात्र मुरमातून पुन्हा तयार व्हायला शतकेच लागतात, म्हणून मर्यादित पैसा असेल तर पूर्ण उघड्या पडलेल्या तुकड्याआधी, अजून वीत-दोन वीत माती शिल्लक असलेला उतार हाती घ्या.